मांडीवरून सीटवर : गाडीतलं लहानपण

शिवारफेरी
गेल्या रविवारी पुण्याहून वाईला निघालो होतो. मी, बायको, आई आणि आमची पावणेदोन वर्षांची लेक. लेक मागे तिच्या कारसीटमध्ये, शेजारी आई. कात्रजच्या नव्या बोगद्यात अंधार झाला आणि लेकीने भोकाड पसरलं. आईने दोन मिनिटं दम धरला, मग म्हणाली, "काढ तिला, दे माझ्याकडे. मांडीवर घेतली की झोपेल." मी म्हटलं, चालू गाडीत नाही काढायची. "लेकराला असं बांधून ठेवतात होय? कोंबडी आहे का ती?" शिरवळपर्यंत गाडीत तिघं बोलत नव्हते आणि चौथी रडत होती.

शिरवळला चहाला थांबलो. आईने बशीत चहा ओतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू सव्वा महिन्याचा होतास तेव्हा ह्याच रस्त्याने तुला घेऊन आले मी. एकदा खाली ठेवलं नव्हतं." तेव्हा लक्षात आलं की तिला नातीच्या रडण्याचं दुःख नव्हतंच. तिची मांडी मी नापास केली होती.

आमच्याकडे १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी होती. बाबांनी ८४ साली दुसऱ्या हाताची घेतलेली, सायीच्या रंगाची. घरात सगळे तिला फियाटच म्हणायचे. वाईच्या जत्रेला त्या गाडीत आम्ही अकरा जण गेलोय. खोटं वाटेल, म्हणून हिशोब देतो. पुढची सीट सलग बाकासारखी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. त्यामुळे बाबा, मध्ये मी, खिडकीशी आजोबा आणि त्यांच्या मांडीवर चुलतभाऊ. मागे आजी, आई, काकू, आत्या. आईच्या मांडीवर धाकटा भाऊ. दोन चुलतबहिणी पुढच्या सीटची पाठ धरून उभ्या, पुण्यापासून वाईपर्यंत. खंबाटकीत पाणी उकळलं की सगळे उतरायचे, खामजाईला हात जोडायचे, आजोबा मागच्या चाकाला धोंडा लावायचे. पट्टे? गाडीला नव्हतेच.

आता आम्ही गाडीत चौघं असतो आणि पाचवा माणूस घ्यायचा म्हटलं तर विचार करतो, कारण सीटने जागा खाल्लेली असते.

"आमच्या वेळी किती मजा होती" असा धागा मला काढायचा नाही. तुमच्या घरात गाडीत कोण कुठे बसायचं, मुलांना काय मुभा होती, ते कधी बदललं आणि कुणाच्या सांगण्यावरून बदललं, हे लिहा. आणि आईला कसं समजवायचं तेही सांगा.

टेंभीनाका
मागच्या सीटच्या पाठीमागे, काचेखाली जी फळी असते तिथे मी आडवा झोपायचो. ठाणे ते अलिबाग. ऊन थेट पाठीवर. वडखळ येईपर्यंत पापड व्हायचा. उठून बसायला जागा नाही, त्यामुळे मागच्या ट्रकच्या ड्रायव्हरकडे बघत राहायचं. एकाने मला डोळे मारून हॉर्न वाजवला होता, ती माझ्या बालपणीची मोठी घटना आहे.

माझ्या मुलाला हे सांगितलं तर त्याने विचारलं, "पोलिसांनी आजोबांना पकडलं नाही?"

काकडआरती
छान धागा. पण खरं बोलू का? आम्ही सगळे असेच वाढलो आणि कुणाला काही झालं नाही. मुलांना हल्ली काचेच्या बरणीत ठेवतात. बरणीतून काढलं की फुटणारच. स्कूटरवर पुढे उभं राहून वारा खाल्लेली पिढी जास्त कणखर आहे हे कुणीही मान्य करेल.

तिरकस_तुक्या
कुणालाच काही झालं नाही हे खरंच आहे. ज्यांना झालं ते आयडी काढून इथे लिहायला येऊ शकले नाहीत.

वडाप
गाडीतलं लहानपण म्हणे. गाडी कुणाकडं होती हो? आमच्या गावात (सांगलीकडं) एक जीप पतसंस्थेच्या चेअरमनची आणि एक डॉक्टरांची. आम्ही लाल एसटीतले. तिथले नियम सांगतो.

एक, एसटी फलाटावर लागायच्या आत बाप मला खिडकीतून आत टाकायचा आणि मागून रुमाल, पिशवी, टोपी. मी सीटवर आडवं पडून जागा धरायची. कुणी भांडाय लागलं तर रडायचं. दोन, कंडक्टरनं वय विचारलं तर चार सांगायचं. पाचाला अर्धं तिकीट लागायचं. मी तीन वर्षं चार वर्षांचा होतो. एकदा कंडक्टरनं विचारलं, "शाळेत कितवीत?" मी छाती काढून सांगितलं, "दुसरीत!" बापानं अर्धं तिकीट काढलं आणि गाव येईस्तोवर माझ्याशी बोलला नाही.

नंतर वडाप आलं. जीपमध्ये पंधरा-सोळा माणसं, ड्रायव्हरच्या उजव्या बाजूलासुद्धा एक लटकलेला. ड्रायव्हर अर्धा बाहेर बसून गाडी चालवायचा. पोरं मोजायचीच नाहीत, पोरं म्हणजे सामान. त्यामुळं हे जे चाललंय ना, सुरक्षित की असुरक्षित, त्याच्या आधी "बसायला मिळालं का" हा प्रश्न होता. अजून पुष्कळ गावांत तोच आहे.

शिवारफेरी
@वडाप, दुसरीतला किस्सा आईला वाचून दाखवला. आज पहिल्यांदा हसली. आणि मुद्दा मान्य, धाग्याचं नाव "आपल्या गाडीतलं" असं वाचावं.

रिव्हर्सगिअर
माझं गॅरेज आहे, वडिलांचं होतं. फियाटवर हात शिकलो. थोडं तांत्रिक, थोडं अवांतर.

लोक म्हणतात जुन्या गाड्या रणगाड्यासारख्या मजबूत होत्या. पत्रा जाड होता हे खरं. पण धडक बसल्यावर गाडी चेपली नाही तर तो धक्का आतल्या माणसाला बसतो. हल्लीच्या गाडीचं नाक मुद्दाम चेपणारं करतात आणि माणसं बसतात तो पिंजरा कडक ठेवतात. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "बघा, नुसतं टेकलं तर बंपर गेला, काय पत्रा वापरतात!" मी म्हणतो, बंपर गेला, तुम्ही आलात ना चालत.

पद्मिनीचा स्टिअरिंगचा दांडा, समोरचा लोखंडी डॅशबोर्ड, बटणांची टोकं हे सगळं लहान मुलाच्या कपाळाच्या उंचीवर. समोर उभ्या राहिलेल्या पोराच्या दाताची खूण असलेला डॅशबोर्ड मी स्वतः घासलाय. ब्रेक नुसता जोरात लागला होता, अपघातसुद्धा नव्हता.

पुढच्या सीटला पट्टे लावून द्यायची सक्ती कंपन्यांवर १९९४ च्या सुमारास आली. ड्रायव्हरची एअरबॅग प्रत्येक नव्या गाडीत सक्तीची झाली जुलै २०१९ पासून, तेव्हाच पट्टा न लावल्यावर किंचाळणारा बझरही आला. त्या बझरला गप्प करायला लोक काय घेतात माहीत आहे? नुसतं बकल. पट्ट्याशिवाय. रस्त्यावर चाळीस-पन्नास रुपयांत मिळायचं. माझ्याकडे मागतात, मी देत नाही. एक जण म्हणाला, "मग काय फक्त आरत्या ओवाळायला दुकान उघडलंय?"

आणि एक गोष्ट. जुनी फियाट कुणी नीट करायला आणली की मागची सीट उचलावी लागते. खाली काय निघतं विचारा. चिवडा. पंचवीस वर्षांचा चिवडा, शेंगदाण्यासकट. गोट्या, पाच पैसे, हेअरपिना, एसटीडीच्या पावत्या, एकदा दुधाचा दात. मालक पन्नाशीचा माणूस, दात तळहातावर घेऊन बसला होता. काम अर्धा तास थांबलं.

लिंबूटिंबू
दुधाचा दात! 😭

मी वेगळ्या बाजूने लिहिते. कारसीट घ्यायची ठरवली तेव्हा सासरे म्हणाले, "एवढे पैसे कशाला? वर्षभराने लहान होईल." सासूबाई म्हणाल्या, "बाळ म्हणजे काय गॅसचा सिलिंडर आहे, पट्ट्याने बांधायला?" नवरा गप्प. बाळंतपणाच्या दवाखान्यातून घरी निघालो तेव्हा मी सीट लावून ठेवली होती. नर्सने बाळ दुपट्यात गुंडाळून थेट पुढच्या सीटवर बसलेल्या आत्याबाईंच्या हातात दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी टाके घेऊन मागे बसले होते, भांडायचं त्राण नव्हतं. घरापर्यंत अडीच किलोमीटर होतं, मी प्रत्येक सिग्नल मोजला.

दवाखान्यात आंघोळ कशी घालायची, ढेकर कसा काढायचा, सगळं शिकवलं. बाळ गाडीतून न्यायचं कसं, हे कुणी एका शब्दाने सांगितलं नाही.

राईनकाठी
@लिंबूटिंबू, इथे जर्मनीत आमच्या थोरलीच्या वेळी उलट झालं. दवाखान्यातून निघताना मी तिला छान साडीच्या दुपट्यात घेऊन उभी. नवरा रिकाम्या हाताने गाडी आणायला निघाला. सुईणबाईंनी विचारलं, "सीट कुठाय?" आमची सीट घरी खोक्यात होती. त्यांनी आम्हाला बसवून ठेवलं. नवरा ट्रामने घरी गेला, सीट घेऊन आला, माहितीपत्रक वाचून ती लावायला त्याला चाळीस मिनिटं लागली. आई भारतातून फोनवर: "अजून निघाला नाहीत? मुहूर्त जाईल!"

इथे मूल बारा वर्षांचं किंवा १५० सेंटिमीटर उंचीचं होईपर्यंत त्याला साजेशी सीट लागते. आमची धाकटी माझ्यावर गेली, बुटकी. तिच्या वर्गातल्या मैत्रिणी उंच, बूस्टर (मोठ्या मुलांना उंच करणारी बैठक) सुटलेल्या. ही अकराव्या वर्षी बूस्टरवर बसते म्हणून रडायची. शेवटी दारावर पेन्सिलीने रेघ मारली १५० ची. रोज सकाळी टाचा उंच करून मोजायची.

पण गंमत म्हणजे हेच आम्ही दर दोन वर्षांनी मुंबईला उतरलो की विमानतळावरच सगळं विसरतो. मामा इनोव्हा घेऊन येतो, त्यात नऊ माणसं आणि चार बॅगा, आणि माझ्या मुली मामाच्या मुलांच्या मांडीवर. त्यांना भारत म्हणजे "जिथे पट्टा लावत नाहीत तो देश" वाटायचा आणि फार आवडायचा. लाज वाटते लिहिताना, पण मी पहिल्या रात्री कधीच भांडले नाही.

ओपीडी_बाहेर
मी हायवेजवळच्या ग्रामीण भागात दवाखाना चालवतो. आकडे देत नाही, माझ्याकडे मोजलेले नाहीत. एवढंच सांगतो.

"मी घट्ट धरलंय ना" हे वाक्य आजी, आई, बाप सगळे म्हणतात, आणि ते प्रेमाने खरंच घट्ट धरतात. पण ताशी ५० किलोमीटरला गाडी एकदम थांबली की दहा किलोच्या मुलाला जागेवर ठेवायला शेकड्याने किलोंचा जोर लागतो. पैलवानाचे हातसुद्धा सुटतील. पुढच्या सीटवर मांडीत मूल असेल आणि मोठ्या माणसाला पट्टा नसेल तर मूल मध्ये आणि मागून मोठ्या माणसाचं सगळं वजन. मूल आणि आई दोघांना मिळून एकच पट्टा लावणारेही बघतो. त्यात पट्टाच मुलाच्या पोटात रुततो. आणि आता एअरबॅग आहे, तर पुढच्या सीटवर लहान मूल, विशेषतः मागे तोंड करून लावलेली सीट, अजिबात नको. ती पिशवी मोठ्या माणसाच्या छातीसाठी बनवलेली आहे.

@शिवारफेरी, आईंना हे असं सांगू नका. त्यांना म्हणा, "आई, तुझे हात सुटणार नाहीत. गाडीच तुला धरून ठेवणार नाही." आणि त्यांचाही पट्टा लावलेला आहे ना बघा. तुम्ही लेकीचं सगळं लिहिलंत, आईच्या पट्ट्याचं काहीच लिहिलं नाहीत.

शिवारफेरी
...नव्हता लावलेला.

तिरकस_तुक्या
डॉक्टरांनी नाडी बरोबर पकडली.

मागचा पट्टा हा आपल्याकडे सोफ्याच्या प्लॅस्टिकसारखा आहे. गाडी घेतली त्या दिवशी सीटखाली सरकवायचा आणि कव्हर चढवून टाकायचं. नियमात मागच्यांनाही पट्टा कधीपासून आहे, पण लोकांना तो कळला सप्टेंबर २०२२ मध्ये, पालघरजवळ चारोटीला सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले तेव्हा. ते मागे बसले होते, पट्टा नव्हता. मग १ नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी मागच्यांनाही सक्ती जाहीर केली. आमच्या सोसायटीत त्या आठवड्यात सगळे सीट उचकटून पट्टे शोधत होते. एकाला सापडला तो कंपनीच्या प्लॅस्टिकमध्ये.

चिंचबन
ह्या विषयावर मी सहसा लिहीत नाही.

१९९१. आम्ही जीपने परतत होतो, रात्र होती, ऊसतोडीचे दिवस. आई पुढे, मांडीवर माझी बहीण, आठ महिन्यांची. मी मागे आडव्या बाकावर झोपलेले. रस्त्याच्या कडेला उसाने भरलेली ट्रॉली उभी होती, मागे दिवा नाही, साधं लाल फडकंही नाही. वेग फार नव्हता असं बाबा नेहमी म्हणायचे.

आई वाचली. बहीण नाही. आई त्यानंतर कुठल्याही गाडीत पुढे बसली नाही, अगदी रिकाम्या गाडीतसुद्धा. कुणी "बाळाला धर गं जरा" म्हटलं तरी ती हात पदराला पुसत आत निघून जायची. आम्ही लहान होतो, आम्हाला वाटायचं तिला बाळं आवडत नाहीत.

तेव्हा कारसीट नावाची वस्तू आमच्या तालुक्यात कुणी ऐकलीही नव्हती. त्यामुळे मी कुणाला दोष देत नाही. पण "आमच्या वेळी काही होत नव्हतं" हे वाक्य कुणी म्हटलं की मी खोलीतून उठते.

काकडआरती
चिंचबन, माफ करा. मी जे लिहिलं ते न विचार करता लिहिलं. काढता येत असेल तर संपादकांनी काढावं.

चिंचबन
काढू नका. वर लिहिलंय तसंच असू दे.

हँडलबार
(विषय थोडा हलका करते, चिंचबन, तुमची परवानगी गृहीत धरून.)

आमच्याकडे चारचाकी २००६ पर्यंत नव्हती. चेतक होती. बाबांनी नोंदवली तेव्हा मोठ्या दादाचा जन्म व्हायचा होता, हातात आली तेव्हा तो शाळेत जात होता. त्यावर आम्ही चौघं: दादा पुढे उभा, हँडलच्या मध्ये स्पीडोमीटरवर हनुवटी. बाबा. मी मध्ये सँडविच, नाक बाबांच्या शर्टात. आई मागे, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर डबा. मला त्या प्रवासाचं एकही दृश्य आठवत नाही, फक्त बाबांच्या शर्टाचा वास आठवतो. घाम, साबण, पेट्रोल. दादाला सगळे रस्ते आठवतात.

आता कायद्याने दुचाकीवर चालवणारा सोडून एकच. चार वर्षांवरच्या सगळ्यांना हेल्मेट. चार वर्षांखालच्या मुलाला बांधायचा पट्टा, त्याच्या मापाचं हेल्मेट आणि वेग ४० च्या आत, हा नियम २०२२ मध्ये आला आणि वर्षभराने लागू झाला. मी पुण्यात राहते, त्यामुळे हेल्मेटबद्दल पुढे लिहीत नाही, धागा पेटेल.

आज भाचीला तो पट्टा बांधून स्कूटरवर नेते तर सिग्नलला बायका विचारतात, "हे काय आहे? पाठीचं दुखणं आहे का बाळाला?"

टेंभीनाका
पुढची सीट हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. आमच्याकडे ती कायम पुरुषांची. आजोबा असले तर आजोबा, नसले तर काका, काका नसले तर चौदा वर्षांचा मी. आई चाळीस वर्षांची, तीन मुलांची आई, आणि ती मागे मध्ये, पायाशी पाण्याचा जग, मांडीवर पोळ्यांचा डबा, हातात सोललेलं संत्रं. जावई आला की आजोबासुद्धा उठून मागे यायचे. आईला पुढे बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं ते तिने ड्रायव्हिंग शिकली तेव्हा. म्हणजे पुढे बसायला तिला गाडीच चालवावी लागली.

लिंबूटिंबू
हे आमच्याकडे आता उलटं झालंय. मी बाळाजवळ मागे बसते म्हणून पुढची सीट रिकामी. नवरा म्हणतो, "मी तुमचा उबरवाला."

कलम_कसई
नव्या कायद्याचं मी सांगतो, पेशाने वकील. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा मुलांसाठीच्या सीटने बांधलेलं नसेल तर हजार रुपये दंड आहे. म्हणजे @शिवारफेरी, कायदा तुमच्या बाजूने, आईंच्या विरोधात.

त्याहून मोठा बदल दुसरा. पूर्वी मुलगा तेरा-चौदाचा झाला की बाप कौतुकाने मैदानावर गाडी हातात द्यायचा. मी स्वतः लुना चालवायला शिकलो तेव्हा पाय टेकत नव्हते. मामा म्हणायचे, "पोलीस दिसला की उतरून ढकलायला लाग." आता अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले, तेव्हापासून माझ्याकडे विचारायला येणाऱ्या बापांचा सूर बदललाय. आधी विचारायचे, "पकडलं तर कसं सोडवायचं?" आता विचारतात, "चावी कुठे लपवायची?"

वडाप
वकील साहेब, गावाकडं चौदा वर्षाचं पोरगं ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर जातंय. चावी लपवली तर ऊस वाळतोय.

कलम_कसई
माहीत आहे. आणि चिंचबन यांनी लिहिलेली बिनदिव्याची ट्रॉली अजूनही तशीच उभी असते.

सातचौक
सुरक्षेचं पुरे झालं असेल तर एक गमावलेली गोष्ट लिहितो.

मुलं खिडकीबाहेर बघायची. दुसरं करण्यासारखं नव्हतंच. काच खाली करायचं हँडल माझ्या बाजूला असेल तर मी राजा. पुढच्या दाराला ती तिकोनी छोटी काच, ती फिरवली की सगळा वारा बाबांच्या तोंडावर. भेंड्या संपल्या की नंबरप्लेटा. आकड्यांची बेरीज करत एका आकड्यावर यायचं, नऊ आला की चिमटा. नव्वदीत एमएच आल्यावर जिल्हे पाठ झाले: ०८ रत्नागिरी, ०९ कोल्हापूर, १० सांगली, ११ सातारा. मला महाराष्ट्राचा नकाशा शाळेने नाही शिकवला, ट्रकच्या पार्श्वभागाने शिकवला. एक्स्प्रेसवे नव्हता, बोरघाटात गाडी रांगत चढायची, शिंग्रोबाच्या देवळापाशी आजी खिडकीतून नाणं टाकायची आणि ते देवळाच्या अलीकडेच पडायचं. मग आम्ही म्हणायचो, "आजी, देवाला उतरून यावं लागेल." शिंग्रोबा कोण, त्याने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली, हे त्या नाण्याच्या निमित्ताने कळलं.

परवा मुलाला खंडाळ्यातून नेलं. काचा बंद, एसी, पाठीमागे टॅब लावलेला. बोगदा आला, गेला. मी म्हटलं, "बघ, राजमाची." तो म्हणाला, "डाउनलोड आहे का?"

राईनकाठी
@सातचौक, पण तुम्हाला गाडी लागायची नाही म्हणून तुम्ही हे लिहिताय. मला लागायची. माझं सगळं बालपण आवळासुपारी, लिंबाची फोड, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी आणि "लांब बघ, लांब बघ" यात गेलं. वर पुढे बाबा आणि काका सिगारेट ओढत, काच दोन बोटं उघडी. ती ॲशट्रे मागच्या सीटलाही होती, पुढच्या सीटच्या पाठीत, बरोबर माझ्या नाकासमोर. मुलांसमोर धूर नको हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही, आणि पेट्रोलही शिशाचं, ते २००० साली बंद झालं. मला टॅब द्या, एसी द्या, मी आनंदाने परत लहान होईन.

सातचौक
आवळासुपारी मात्र परत हवी.

फळीवरचा_दप्तर
शाळेची रिक्षा कुणी लिहिली नाही? तीनचाकी रिक्षात आम्ही अकरा. मागे चार, त्यांच्यासमोर लाकडी फळी टाकलेली, तिच्यावर उलटे तोंड करून चार, रिक्षावाल्या काकांच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि एक बारीक मुलगा कुठेही. दप्तरं बाहेर आकड्यांना लटकलेली, पावसात आमच्याआधी वह्या भिजायच्या. काकांचं नाव कुणाला माहीत नव्हतं, पण कुणाच्या घरी कुलूप असेल तर ते पोराला स्वतःच्या घरी नेऊन पोहे खाऊ घालायचे. २०११ मध्ये महाराष्ट्रात स्कूलबसचे नियम झाले, आता बसमध्ये बाई असतात, जीपीएस असतं, बस कुठे आहे ते ॲपवर दिसतं. मला ते सगळं हवंय. मी रोज तो ठिपका बघते. आणि तरी एखाद्या दिवशी ठिपका सिग्नलला अडकला की जीव जातो, जो माझ्या आईचा कधी जात नव्हता. ती म्हणते, "ठिपका नव्हता म्हणून."

शिवारफेरी
सगळ्यांचे आभार, आणि अपडेट.

आईला धागा वाचून दाखवला. चिंचबन यांचा प्रतिसाद वाचताना मी मध्येच थांबलो, तिने मोबाइल हातातून घेतला आणि स्वतः वाचला. काही बोलली नाही. डॉक्टरांचं वाक्य म्हणून दाखवायची वेळच आली नाही.

आज सकाळी परत वाईहून निघताना ती आधी येऊन मागे बसली. स्वतःचा पट्टा ओढला, तो तिला लावता येईना, पदर अडकत होता. बायकोने लावून दिला. मग तिने तिच्या जुन्या नऊवारीची चौघडी करून लेकीच्या सीटवर अंथरली. म्हणाली, "ह्यांच्या सीटला कापड कसलं खरखरीत लावलंय." लेक त्यावर बसली, आणि आईचं एक बोट मुठीत धरून सुरूरपर्यंत झोपून गेली. आईने तो हात पुण्यापर्यंत हलवला नाही. कात्रजला म्हणाली, मुंग्या आल्यात.

आता एक तातडीचा प्रश्न, @रिव्हर्सगिअर यांना. मध्ये आईने नातीला चुरमुरे दिले होते. ते सीटच्या बकलमध्ये गेलेत. पट्टा निम्माच बसतोय, क्लिक होत नाही. थोडं तेल सोडू का?

रिव्हर्सगिअर
तेल अजिबात नको, धूळ धरून कायमचं बसेल. आधी सीटचं माहितीपत्रक बघा, कंपनीने बकल धुवायची पद्धत दिलेली असते. बहुतेकांत बकल खालून सोडवून नुसत्या कोमट पाण्यात बुडवायचं, लाल बटण दहा-बारा वेळा दाबायचं, उलटं धरून झटकायचं, सावलीत पूर्ण वाळवायचं. साबण नको. मग पाच वेळा लावून बघा, प्रत्येक वेळी क्लिक आलं पाहिजे. येत नसेल तर ती सीट वापरू नका, बकल बदलून घ्या.

आणि गाडीची मागची सीटही एकदा उचला. चुरमुरे तिथेही असणार.